दगडाबरोबर त्याचा पत्ताही जपा

नागपूरला लागून असलेल्या छिंदवाडा जिल्ह्यात मोहगाव कलां नावाचे गाव आहे. तेथील गारगोटीसारखे दगड वरवर पाहणाऱ्यास बांधावर टाकण्यापलीकडे कोणत्याही उपयोगाचे वाटणार नाहीत. तथापि त्यांच्या पोटात सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीची फळे, फुले व खोडे दडलेली आहेत. दख्खनच्या पठारावर लाव्हारसाचे थर एकामागून एक पसरत असता, मधल्या शांततेच्या काळात जलाशयांच्या काठी वनस्पती वाढल्या. सिलिकायुक्त पाणी त्यांच्यात झिरपून त्यांच्या पेशींची रचना दगडात टिकून राहिली. हा ठेवा साऱ्या समाजाचा आहे आणि अज्ञानाइतकाच तो हौसेनेही नष्ट होऊ शकतो, याकडे लक्ष वेधणे अगत्याचे आहे.

अशा अवशेषांची ओळख पटविणे सोपे नसते. झाड क्वचितच अखंड अश्मीभूत होते. पान एकीकडे, फळ दुसरीकडे व खोड तिसरीकडे सापडते. त्यामुळे एकाच झाडाच्या अवयवांना वेगवेगळी नावे देण्याची पाळी शास्त्रज्ञांवर येते. मोहगाव कलां येथील एका फळाला डॉ. बिरबल सहानी यांनी दिलेले 'एनिग्मोकार्पॉन' हे नाव 'कोड्यात टाकणारे फळ' अशाच अर्थाचे आहे. १९४३ साली त्याचे सविस्तर वर्णन करताना त्यांनी त्याचा संबंध मेंदी व धायटी यांच्या कुळाशी लावला. पुढच्याच वर्षी व्ही. बी. शुक्ल यांनी तेथील एका अश्मीभूत फुलाचे वर्णन केले आणि त्याचे या फळाशी असलेले नाते दाखविले. दोन्ही एकाच जागची आहेत, ही नोंद नसती तर ही सोयरीक जुळणे कठीण होते.

नेमकी हीच नोंद हौशी संग्राहकाच्या हातून राहून जाते. सहलीला गेलेला विद्यार्थी हातोड्याने दगड फोडतो, सुबकसा तुकडा दप्तरात टाकतो आणि काही वर्षांनी तो कोठला हे त्यालाही आठवत नाही. कधी मँगॅनीजने दगडाच्या फटीत उमटविलेली नक्षी नेच्याचे पान म्हणून कौतुकाने जपली जाते आणि खरे अश्मीभूत फळ मात्र ओबडधोबड म्हणून फेकून दिले जाते. बाजारात वस्तूची किंमत तिच्या रूपावर ठरत असेल. जीवाश्माचे मोल मात्र त्याच्या पत्त्यावर ठरते.

यावर उपाय म्हणून गोळा करण्यावरच सरसकट बंदी घालावी, असे कोणी म्हणेल. संरक्षित स्थळी ती असलीच पाहिजे. परंतु विहिरीच्या खोदकामात वा खडी फोडताना निघणारा दगड बंदीमुळे वाचत नाही. जाणत्या डोळ्यांमुळे वाचतो. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास नागपूर परिसरातील जीवाश्म गोळा करून त्यांची माहिती जगापुढे मांडणारे स्टीफन हिस्लॉप आणि रॉबर्ट हंटर हे पेशाने मिशनरी होते, भूशास्त्रज्ञ नव्हते. ज्या हिस्लॉप यांचे नाव नागपुरातील महाविद्यालयास आहे, तेच हे गृहस्थ.

तेव्हा जेथे वनस्पतिशास्त्र वा भूशास्त्र शिकविले जाते, त्या प्रत्येक महाविद्यालयाने एक नोंदवही ठेवावी. गाव, शेत वा नाला, कोणता थर, कोणती तारीख, सोबत काय सापडले, एवढे तीत लिहिले तरी पुरे. नमुन्यावर त्याच नोंदीचा क्रमांक असावा. तो संस्थेत राहावा, घरच्या कपाटात नव्हे. जे स्थानिक प्राध्यापकांना उमगणार नाही, त्यासाठी सहानी यांनीच लखनौ येथे उभारलेल्या संस्थेकडे विचारणा करता येईल.

या कामाला मोठे अनुदान लागत नाही. एक वही आणि थोडी शिस्त लागते. आज ओळख न पटलेला दगड उद्याच्या अभ्यासकाला बोलका वाटू शकेल. मात्र तो कोठून उचलला हेच विसरले गेले, तर साडेसहा कोटी वर्षे टिकलेली साक्ष एका दुपारच्या हौसेपायी मुकी होईल.