श्रमदान आमचे, पाणी कोणाचे?

उन्हाळा आला की गावोगाव श्रमदानाची हाक दिली जाते. समतल चर खोदा, बांध घाला, झाडे लावा, कुऱ्हाडबंदी व चराईबंदी पाळा. पर्यावरण वाचवायचे तर गाव एक झाले पाहिजे, असे सांगितले जाते. या कामाला आमचा विरोध नाही. दुष्काळाची पहिली झळ आमच्याच वस्तीला बसते, हे आम्ही भोगून जाणतो. आमचा प्रश्न एवढाच की, गाव एक झाले म्हणजे नेमके कोण एक झाले?

माथ्यावर चर खोदले की पाणी मुरते आणि पायथ्याच्या विहिरींना उतरते. विहीर ज्याच्या शेतात, पाणी त्याचे! ज्याच्या नावावर गुंठाभर जमीन नाही, त्याने कुदळ मारली. त्याच्या पदरात काय पडले? उलट चराईबंदीने त्याच्या शेळ्या गेल्या, कुऱ्हाडबंदीने चुलीचे सरपण गेले. गायरानात वृक्षारोपण ठरले की पहिला घाला तेथे कसणाऱ्या भूमिहीनावर. याच जमिनीसाठी १९६४ साली कर्मवीर दादासाहेब गायकवाडांनी सत्याग्रह केला. १४ एप्रिल १९९० पर्यंतची भूमिहीन मागासवर्गीयांची शेतीसाठीची अतिक्रमणे नियमित करण्याचे १९९१ साली शासनानेच ठरविले. तरीही २०२२ मध्ये गायरानातील घरांना नोटिसा आल्याच. म्हणजे त्याग भूमिहीनाचा, लाभ जमीनदाराचा आणि कौतुक मात्र गावाचे!

४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी खेड्याच्या उदात्तीकरणावर कठोर टीका केली. संविधानाच्या मसुद्याने खेडे नव्हे, तर व्यक्ती हा घटक मानला, याबद्दल त्यांनी समाधान व्यक्त केले. पर्यावरणाच्या कामालाही हाच न्याय लागू झाला पाहिजे.

हे अशक्य आहे काय? मुळीच नाही. १९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यातील नायगाव येथे विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायतीचा प्रयोग उभा केला. तेथे पाण्याचा वाटा जमिनीवर नव्हे, माणसांवर ठरला. माणशी अर्धा एकर, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर भिजेल एवढे पाणी. भूमिहीनालाही पाण्यावर हक्क. उसाला बंदी. ज्याला वाटा मिळतो, तो पाणी जपतो. त्याला वेगळे प्रबोधन करावे लागत नाही.

म्हणून आमच्या कार्यकर्त्यांनी श्रमदानापासून दूर राहू नये. पण त्याआधी ग्रामसभेत जावे आणि ठराव लिहून घ्यावा. वाढलेल्या पाण्यात भूमिहीन कुटुंबाचा वाटा किती? राखलेल्या कुरणातला चारा, तलावातली मासेमारी कोणाकडे? गायरान कसणाऱ्याला संरक्षण काय? समितीत वस्तीतल्या स्त्रिया किती? उत्तरे इतिवृत्तात नोंदवून, सह्या घेऊनच कुदळ उचलावी.

२० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर आमच्या बापजाद्यांनी ओंजळभर पाणी घेतले, ते केवळ तहान भागविण्यासाठी नव्हे. माणूस म्हणून असलेला समान हक्क बजावण्यासाठी. आज तळे राखायला आम्हाला बोलावले जाते. आम्ही जरूर येऊ. पण वेठबिगार म्हणून नव्हे, वाटेकरी म्हणून!