मजला चढवण्याआधी भिंत पाहा

मी नायगावात घरांचे नकाशे काढून देतो. त्यात एक काम हमखास येतं. जुन्या वाड्याची रस्त्याकडची भिंत फोडून दोन शटरं बसवायची आणि वर स्लॅब टाकून खोल्या काढायच्या. मालकाची गरज खरी असते. भाऊ वेगळे झालेले असतात, पोराला दुकान टाकायचं असतं. परवानगीच्या कागदांत सामासिक अंतर, चटई क्षेत्र, रस्त्याची रुंदी हे सगळं येतं. मजबुतीचा दाखलाही जोडला जातो, पण तो देणाऱ्याने भिंत उकरून पाहिलेली असतेच असं नाही. वाडा किती जुना, त्यात राखण्यासारखं काय, हे तर कुणीच विचारत नाही.

ते विचारलं पाहिजे, आणि ते केवळ नक्षीदार चौकटींसाठी नव्हे. आमच्याकडच्या दगडी भिंतीला दोन अंगं असतात. आत-बाहेर दगड आणि मध्ये मातीत दाबलेल्या चिपा. दोन्ही अंगांना धरून ठेवणारे आरपार दगड पुष्कळदा नसतात. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरातल्या भूकंपात अशाच भिंती फुटल्या आणि माळवदाच्या जाड मातीखाली हजारो माणसं झोपेतच गेली. तेव्हापासून जुनं घर म्हणजे धोका आणि सिमेंट म्हणजे सुरक्षितता, असं आपण धरून चाललो. पण भिंती ढासळूनही सागवानी खांब-तुळयांवरची माळवदं कित्येक ठिकाणी उभी राहिली होती, हे फारसं कुणी सांगत नाही. त्यानंतरच्या मजबुतीकरणाच्या कामांत माळवदाची माती कमी करणं, भिंतीत आरपार दगड बसवणं, खांब-तुळयांना तिरपे टेकू देणं असे उपाय सांगितले गेले. म्हणजे वाडा वाचवूनही माणूस वाचवता येतो. उलट त्याच दगड-मातीच्या भिंतीवर काँक्रीटचा मजला चढवला आणि खालून शटरसाठी ती पोखरली, तर वाडाही जातो आणि घरातली माणसंही सुरक्षित राहत नाहीत.

यासाठी नवा कायदा लागत नाही. मुंबईत १९९५ पासून वारसा नियमावली आहे. तिथे पहिल्या श्रेणीच्या इमारतीला बळकटीपलीकडे हात लावता येत नाही, दुसऱ्या श्रेणीत आतले बदल होऊ शकतात आणि तिसऱ्या श्रेणीत त्याहून मोकळीक आहे. समिती प्रस्ताव तपासते, मगच आयुक्त परवानगी देतात. उरलेल्या बहुतेक महाराष्ट्राला लागू असलेल्या २०२० च्या एकत्रित नियमावलीतही वारसा इमारतींची तरतूद आहे. पण हे सगळं वारसा इमारतींच्या यादीवर अवलंबून आहे. यादीत नाव नसेल, तर १९६६ च्या नगररचना कायद्याचं कलम ४३ तेवढं उरतं, आणि त्यानुसार केवळ आतल्या भागापुरत्या फेरफाराला परवानगीच लागत नाही. वाड्याचा जीव मात्र आतच असतो. ढेलज, खांबांची रांग, बळद बाहेरून दिसतच नाहीत.

आपला मराठवाडा १९४८ पर्यंत ज्या हैदराबाद संस्थानात होता, तिथलं एक उदाहरण घ्या. हैदराबादेतला एर्रम मंझिल हा जुना राजवाडा पाडून विधानसभा बांधण्याचा मंत्रिमंडळाचा निर्णय तेलंगणा उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१९ मध्ये रद्द केला. इमारत वारसा म्हणून नोंदलेली होती, म्हणून नियमांची पायरी सरकारलाही ओलांडता आली नाही.

लातूरची गंजगोलाई मला यादीत सर्वांत वर हवी. १९१७ सालची ती दुमजली गोल इमारत, मधोमध अंबाबाईचं मंदिर, भोवती येऊन मिळणारे सोळा रस्ते आणि त्यांवरचे सराफ्यापासून मिरची-गुळापर्यंतचे बाजार. फैयाजुद्दीन यांनी आखलेल्या या चौकाचं सौंदर्य त्याच्या अखंड गोलाईत आहे. तिथे एका दुकानाने पत्रा पुढे काढला, दुसऱ्याने कमान बुजवली, तिसऱ्याने वर खोली चढवली, तर प्रत्येक बदल एकेकटा पाहता किरकोळच वाटेल. म्हणून असे प्रस्ताव सुटे सुटे नव्हे, संपूर्ण वर्तुळाचं रेखाचित्र समोर ठेवूनच तपासले पाहिजेत.

मालकांची भीती मी रोज ऐकतो. नाव यादीत गेलं की घर सरकारजमा झालं, असं त्यांना वाटतं. ती भीती घालवणं पालिकांचं काम आहे. वाडा राखणाऱ्याला घरपट्टीत सूट द्या, परवानगीचं शुल्क माफ करा, तीस दिवसांत लेखी उत्तर द्या. नकार द्यायचा असेल, तर मागच्या मोकळ्या परसात बांधता येईल का, हेही त्याच कागदावर सांगा. पाहणीला वास्तुतज्ज्ञाबरोबर जुन्या लाकडाचं काम जाणणारा सुतार न्या. तुळई आतून पोकळ झाली आहे का, हे तो ठोकून सांगेल.

नायगाव, देगलूर, उदगीर, औसा, कंधार इथल्या नगरसेवकांना माझी विनंती आहे, पुढच्या सभेत यादी करण्याचा ठराव घ्या. आणि वाड्याच्या मालकांनो, तोवर माझ्यासारख्याकडे नकाशा मागायला येताना एक अट घाला: आधी घरी ये, भिंत पाहा, मग कागदाला हात लाव.