अपवाद हाही शरीररचनेचाच भाग

शरीररचनाशास्त्राच्या पुस्तकातील आकृती नेटकी असते. महाधमनीच्या कमानीतून तीन शाखा निघतात, हृदयाच्या स्नायूला दोन हृदयधमन्या रक्त पुरवतात आणि डोके व हातांकडचे रक्त उजवीकडच्या एकाच महाशिरेतून हृदयात परतते. परीक्षेत ही आकृती काढली की गुण मिळतात. शस्त्रक्रियेच्या टेबलावरचे शरीर मात्र या आकृतीला बांधलेले नसते.

'टेट्रालॉजी ऑफ फॅलो' या जन्मजात विकारात हृदयाच्या उजव्या खालच्या कप्प्यातून फुप्फुसांकडे जाणारी वाट अरुंद असते. शल्यविशारद तिथला जादा स्नायू काढतो आणि गरज पडल्यास पॅच लावून वाट रुंद करतो. डाव्या कप्प्याच्या पुढच्या भागाला रक्त देणारी धमनी एरवी डाव्या हृदयधमनीतून निघते. या विकाराच्या शंभर रुग्णांपैकी साधारण ३ ते ६ जणांत मात्र ती उजवीतून निघते आणि नेमकी याच वाटेवरून आडवी जाते. नेहमीच्या जागी छेद घेतला तर ती तुटते आणि दुरुस्तीसाठी उचललेली सुरीच घातक ठरते. आधी ठाऊक असेल तर छेदाची जागा बदलता येते किंवा धमनीला धक्का न लावता वेगळी नळी जोडता येते. जीवन आणि मृत्यू यांतील अंतर एका माहितीएवढे असते: ती धमनी कुठून जाते?

दुसरे उदाहरण शिरेचे. गर्भावस्थेच्या आरंभी वरच्या महाशिरांची जोडी असते. पुढे डावी सहसा मिटून जाते. दर हजारांत ३ ते ५ माणसांमध्ये ती टिकून राहते. जन्मजात हृदयविकार असलेल्यांत हे प्रमाण बरेच अधिक आहे. बहुतेकांना तिचा पत्ता आयुष्यभर लागत नाही. परंतु हार्ट-लंग मशीनवर शस्त्रक्रिया सुरू झाली की उजव्या महाशिरेत नळी घालूनही डावीकडून रक्त येतच राहते. हृदय थांबवून त्याचे रक्षण करणारे द्रावण कोरोनरी सायनसमधून उलट दिशेने दिले, तर ते या शिरेकडे निसटते आणि स्नायू असुरक्षित राहतो. निरोगी माणसातील निरुपद्रवी वैविध्य शस्त्रक्रियेत संकट होते ते असे.

अशा रूपांना सरसकट 'विकृती' म्हणून शेवटच्या पानावर ढकलण्याची सवय अध्यापनाने सोडायला हवी. नामकरणातही हीच बेफिकिरी दिसते. महाधमनीच्या कमानीचे एक सर्रास आढळणारे वेगळे रूप 'बोव्हाइन आर्च', म्हणजे गोवंशीय कमान, या नावाने शिकवले जाते. प्रत्यक्षात गाईच्या कमानीतून एकच मोठे खोड निघते. त्याचा या रूपाशी मेळ बसत नाही. नाव पाठ झाले, निरीक्षण मागे राहिले.

अभ्यासक्रम आधीच जड आहे, त्यात दुर्मीळ गोष्टींची भर कशाला, हा आक्षेप रास्त आहे. पण येथे याद्या घोकणे अपेक्षित नाही. गर्भातील कोणती वाहिनी टिकते व कोणती मिटते, हे एकदा समजले की बरेचसे अपवाद तर्कानेच उलगडतात. भ्रूणशास्त्र हा परीक्षेपुरता उरकण्याचा भाग नव्हे. शल्यविशारदाचा तो नकाशा आहे.

भारतात २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या तपासणीत जन्मजात हृदयविकारांचाही समावेश आहे. तपासणी जसजशी गावोगाव पोहोचेल, तसतशी शस्त्रक्रियेसाठी येणारी बालके वाढतील. तेव्हा अशा अपवादांचे ज्ञान मोजक्या मोठ्या संस्थांतील ज्येष्ठांच्या अनुभवापुरते राहून चालणार नाही. विच्छेदनगृहात वा सीटी अँजिओग्राफीत वेगळी वाहिनी आढळली, तर तिची ओळखविरहित नोंद व्हावी आणि ती देशभरातील विद्यार्थ्यांना खुली असावी. यासाठी महागडे यंत्र लागत नाही. छायाचित्र, चार ओळींचे वर्णन आणि नोंदीची शिस्त पुरते.

देहदान करणारा आपले शरीर शिकण्यासाठी देतो. ते पुस्तकाशी जुळले नाही म्हणून नोंदीविना बाजूला सारणे, हा त्या दानाचाही अवमान आहे. 'बहुतेकांत असे असते' हे वाक्य शिकवणाऱ्या प्रत्येक वर्गात पुढचा प्रश्नही विचारला गेला पाहिजे: उरलेल्यांत कसे असते?