गाजरगवत : शेताचे आणि त्वचेचे दुखणे

पावसाळा सुरू झाला की रस्त्याकडेला, पडीक जागांत आणि बांधांवर गाजरगवत माजते. 1955 मध्ये पुण्यात नोंदले गेलेले हे तण आज देशभर पसरले आहे. आयात गव्हाबरोबर ते आले, असे मानले जाते. ‘काँग्रेस गवत’ या नावानेही ते ओळखले जाते.

हे तण पिकाचे केवळ पाणी आणि खतच पळवत नाही. त्याच्या पानांत, मुळांत व फुलांत पार्थेनिन आणि काही फेनॉलिक आम्ले असतात. पावसाने ती धुपून, मुळांतून पाझरून किंवा पाला कुजून जमिनीत उतरतात. त्यामुळे शेजारच्या बियांची उगवण मंदावते आणि कोवळी मुळे खुरटतात. वनस्पतींच्या अशा रासायनिक प्रभावाला हान्स मोलिश या शास्त्रज्ञाने 1937 मध्ये ‘अ‍ॅलिलोपॅथी’ हे नाव दिले. टोमॅटो, वांगी, मिरची या पिकांच्या फुलांवर गाजरगवताचे परागकण पडले, तर फळधारणाही घटते. म्हणजे केवळ वाफे स्वच्छ ठेवून भागत नाही. बांधावरचे गवतही काढावे लागते.

हेच पार्थेनिन माणसाच्या त्वचेलाही सोसत नाही. सरकारी रुग्णालयांच्या बाह्यरुग्ण विभागात चेहरा, पापण्या, मान आणि कोपराच्या खळग्यांत खाज सुटलेले, कातडी जाड व काळी पडलेले शेतकरी आणि शेतमजूर येतात. मलमाने आराम पडतो. पण शेतात परतले की त्रास पुन्हा उसळतो. ज्याचे पोट शेतावर आहे, त्याला ‘गवतापासून दूर राहा’ हा सल्ला कसा परवडणार? शिवाय परागकणांमुळे शिंका आणि दमाही बळावू शकतो.

म्हणून उपाय गवतावरच हवा आणि तो वेळेवर हवा. एक झाड हजारो बिया टाकते. फुले आल्यावर कापणी करणे म्हणजे पुढच्या वर्षाची पेरणीच. जमीन ओली असताना, फुलोऱ्यापूर्वी ते मुळासकट उपटावे आणि कंपोस्टमध्ये टाकावे. मोकळ्या जागी टाकळा वाढवला तर तो गाजरगवताला दाबतो. हे गवत खाणारे मेक्सिकन भुंगेही उपयोगी पडतात.

मात्र उपटणाऱ्याच्या हातात मोजे आणि अंगात पूर्ण बाह्यांचे कपडे हवेतच. ज्यांना आधीच त्रास आहे, त्यांना या कामावर लावू नये. ग्रामपंचायती आणि नगरपालिका मोहिमा काढतात, तेव्हा मजुरांना मोजे देणे हा खर्च नव्हे, प्रतिबंधक उपचार आहे. एका शेतकऱ्याने आपला बांध साफ केला आणि शेजारची सरकारी पडीक जमीन तशीच राहिली, तर वारा बी पुन्हा आणून टाकतो. त्यामुळे ही जबाबदारी एकट्या शेतकऱ्यावर टाकून चालणार नाही.