हॅरिएट टबमन : स्तुति स्वस्त, ऋण महाग

थोर माणसाचें चरित्र कोठें संपवावें याविषयीं लोकांची समजूत मोठी सोयीची असते. पराक्रम झाला कीं पडदा पाडावा. पुढें त्या माणसाचें काय झालें, त्याच्या घरची चूल कशी पेटली, याची चौकशी करण्याचें कारण नाहीं, असा चरित्रकारांचा आणि व्याख्यात्यांचा एक अलिखित दंडकच होऊन बसला आहे. या दंडकाविरुद्ध आमची तक्रार आहे, आणि ती आम्ही एका अमेरिकन स्त्रीच्या उदाहरणानें मांडणार आहों.

हॅरिएट टबमन हें नांव आतां सुशिक्षित मराठी कुटुंबांत अगदींच अपरिचित राहिलेलें नाहीं. मेरीलंड राज्यांत सुमारें १८२२ सालीं गुलाम आईबापांच्या पोटीं त्यांचा जन्म झाला. किशोरवयांत एका मुकादमानें दुसऱ्यावर फेकलेलें लोखंडी वजन त्यांच्या डोक्यावर बसलें, आणि ती दुखापत जन्मभर सोबतीस राहिली. १८४९ सालीं त्या पळून पेनसिल्व्हेनियांत पोंचल्या. आणि स्वतः सुटल्यावर, पकडलें जाण्याचा धोका पत्करून, इतरांना आणण्यासाठीं पुन्हां पुन्हां परत गेल्या. पळालेल्या गुलामांस रात्रीच्या वेळीं एका आश्रयस्थानाहून दुसऱ्या आश्रयस्थानीं नेणारी जी गुप्त व्यवस्था ‘भूमिगत रेल्वे’ म्हणून प्रसिद्ध आहे, जींत ना रूळ होते ना इंजिन, तिच्या या धाडसी वाटाड्या. एवढें बहुतेकांस ठाऊक असतें, आणि कथा येथेंच संपते. परंतु १८६० सालीं त्यांची शेवटची खेप झाली तेव्हां बाईंचें वय चाळिशीच्या आंतच होतें, आणि त्या वारल्या १० मार्च १९१३ रोजीं. म्हणजे चरित्राचीं जीं पानें आपण आवडीनें वाचतों तीं दहाअकरा वर्षांचीं. जीं उलटण्याचे श्रम घेत नाहीं तीं त्रेपन्न वर्षांचीं.

तीं पानें आतां उघडूं. अमेरिकेंतील यादवी युद्धांत बाई दक्षिण कॅरोलिनांत उत्तरेच्या सैन्याबरोबर होत्या. त्यांनीं आजारी सैनिकांची व सुटून आलेल्या गुलामांची शुश्रूषा केली, शत्रूच्या मुलखांत हेरगिरी केली, आणि जून १८६३ मध्यें कर्नल माँटगोमेरी यांच्या फौजेस वाट दाखवून कोंबाही नदीकांठच्या मळ्यांतून सातशेंहून अधिक गुलाम एकाच मोहिमेंत सोडविले. या साऱ्या सेवेबद्दल युद्धकाळांत सरकारकडून त्यांच्या हातीं सुमारें २०० डॉलर आल्याचें नमूद आहे. त्यांतूनहि त्यांनीं, मुक्त झालेल्या बायकांस कपडे धुऊन चार पैसे मिळवितां यावेत म्हणून, धुण्याची एक जागा बांधली. स्वतःचें पोट त्या कसें भरीत? दिवसभर इस्पितळांत राबून रात्रीं आल्याचा केक भाजीत आणि तो छावणींत विकावयास पाठवीत. युद्ध संपल्याच्याच वर्षीं सरकारी पासावर आगगाडीनें घरीं परतत असतां कंडक्टरनें तो पास मानला नाहीं. बाई जागा सोडीनात, तेव्हां कांहीं माणसांनीं मिळून त्यांस ओढीत नेऊन सामानाच्या डब्यांत टाकलें. त्यांत त्यांचा हात जायबंदी झाला. गुलामगिरी मोडण्यासाठीं लढलेल्या स्त्रीस विजयी राष्ट्रानें दिलेला हा पहिला नजराणा होय.

दुसरा नजराणा पेन्शनीचा. सेनापति सॅक्स्टन यांनीं त्यांच्या कामगिरीची लेखी साक्ष दिली होती. परराष्ट्रमंत्री सुअर्ड यांनीं त्यांच्यासाठीं शब्द टाकला होता. तरी १८७४ सालीं त्यांस २,००० डॉलर देण्याचें बिल प्रतिनिधिगृहांत मंजूर होऊन सीनेटांत अडलें तें अडलेंच. दुसरे पति नेल्सन डेव्हिस हे सैनिक होते. ते १८८८ सालीं वारले. १८९० सालीं नवा कायदा झाल्यावर बाईंनीं विधवा म्हणून अर्ज केला. नवऱ्यानें सैन्यांत वेगळें नांव नोंदविलें होतें, तेव्हां तो आणि हा एकच हें सिद्ध करण्यांत पांच वर्षें गेलीं, आणि १८९५ सालीं दरमहा ८ डॉलर मंजूर झाले. ते मिळाले कोणास? सातशें माणसें सोडविणाऱ्या स्त्रीस नव्हे. एका शिपायाच्या विधवेस. पुढें १८९९ सालीं खास कायद्यानें रक्कम २० डॉलर झाली. मूळची २५ डॉलरांची सूचना सीनेटच्या कात्रींतून निघतांना एवढी उरली. वाढलेले बारा डॉलर शुश्रूषेबद्दलचे. हेर आणि वाटाड्या म्हणून केलेल्या कामाचें स्वतंत्र पेन्शन अखेरपर्यंत मिळालें नाहीं.

आतां या स्त्रीनें आपल्या तुटपुंज्या मिळकतीचें काय केलें तें पाहावें. न्यू यॉर्क राज्यांतील ऑबर्न गांवाजवळ सुअर्ड यांच्याकडून १८५९ सालीं घेतलेली सात एकर जमीन व घर हा त्यांचा आधार. तेथें म्हातारे आईबाप, पोरकीं पोरें, आंधळेपांगळे, ज्यांस कोठें थारा नाहीं असे सारे येऊन राहत, आणि बाई भाजीपाला पिकवून, डुकरें पाळून, प्रसंगीं शेजारच्या श्रीमंतांकडे हात पसरून त्यांस जगवीत. १८९६ सालीं त्यांनीं लगतची पंचवीस एकर जमीन लिलावांत घेतली ती वृद्धाश्रमासाठीं. कर्ज झेपेना, तेव्हां १९०३ सालीं ती एका निग्रो धर्मसंस्थेच्या स्वाधीन केली. आश्रम १९०८ सालीं उघडला. पण संस्थेनें नियम केला कीं, प्रवेशास १०० डॉलर भरावे. बाईंचें म्हणणें नेमकें उलट होतें : ज्याच्याजवळ कांहींच नाहीं त्यालाच घ्यावें. तें चाललें नाहीं. १९११ सालीं थकलेल्या बाई स्वतःच त्या आश्रमांत आल्या, आणि तेथेंच त्यांचा अंत झाला.

येथें आक्षेपक म्हणतील, त्यांची सेवा निष्काम होती; तिला डॉलर-सेंटांचा हिशेब लावून तुम्ही तिचें तेज कमी करतां. हा आक्षेप आपल्या समाजास फार गोड वाटतो, म्हणून त्याचा समाचार घेणें अवश्य आहे. निष्कामता हें देणाराचें व्रत आहे, घेणाराची सबब नव्हे. फलाची इच्छा धरूं नये हा उपदेश कर्त्यास केलेला आहे. फल हिरावून घेणाऱ्यानें तो आपल्या बचावास पुढें करावा यासारखा दंभ नाहीं. शिवाय बाई स्वतः संकोचून गप्प बसल्या नाहींत. त्यांनीं अर्ज केले, साक्षी गोळा केल्या, शपथपूर्वक निवेदनें दिलीं. आपलें काम धर्माचें होतें हें त्यांस ठाऊक होतें, आणि त्याचें वेतन थकलें आहे हेंहि ठाऊक होतें. या दोन जाणिवांत त्यांस विरोध दिसला नाहीं. तो आपणांसच दिसतो.

दुसरे म्हणतील, सरकार नियमानें बांधलेलें असतें. स्त्री हेर म्हणून सैन्याच्या पटावर नव्हती, त्याला काय करावें? ज्या सरकारच्या सेनापतींनीं युद्धांत त्यांस मुक्त संचाराचें पत्र दिलें, त्यांच्या शब्दावर फौज हलविली, त्याच सरकारला पैसे देण्याची वेळ येतांच कागद सांपडेनासा झाला. आणि १८९९ सालीं खास कायदा करतां आला, तर तो १८६५ सालींच करण्यास अडचण कोणती होती? चौतीस वर्षांच्या विलंबाला नियमाचें नांव देणें म्हणजे विलंब करणाऱ्यास दोषमुक्त करणें होय.

तिसरा पक्ष सर्वांत लाघवी. तो म्हणतो, उशिरा कां होईना, गौरव झाला ना! झाला खरा. १९४४ सालीं त्यांच्या नांवाचें जहाज निघालें. १९७८ सालीं पोस्टाचें तिकीट निघालें. २०२४ सालीं मेरीलंडच्या नॅशनल गार्डनें त्यांस ब्रिगेडियर जनरलची पदवी दिली. २० डॉलरच्या नोटेवर त्यांचें चित्र घालण्याची घोषणा २०१६ सालीं झाली आणि २०१९ सालीं ती पुढें ढकलण्यांत आली. वीस डॉलर आणि दिरंगाई यांची बाईंशीं जुळलेली गांठ मरणोत्तरहि सुटली नाहीं. या साऱ्यांत थकबाकीची आठवण ठेवणारी गोष्ट एकच : २००३ सालीं अमेरिकन कायदेमंडळानें पेन्शनींतील तुटीपोटीं ११,७५० डॉलर त्यांच्या स्मारकगृहास मंजूर केले. त्या एका कृत्यास आम्ही सर्व पुतळ्यांहून मोठें मानतों. कारण त्यांत स्तुति नाहीं, कबुली आहे. पण ज्या हातांनीं ते पैसे घ्यावयाचे ते मातीआड जाऊन नव्वद वर्षें झालीं होतीं.

स्तुति स्वस्त असते याचें आणखी एक प्रमाण आंकड्यांत आहे. सेरा ब्रॅडफर्डबाईंनीं १८६९ सालीं बाईंच्याच मदतीसाठीं त्यांचें चरित्र लिहिलें. त्यांत एकोणीस खेपा व तीनशें माणसें हा आंकडा आला, आणि तो अजून अनेकांच्या तोंडीं आहे. संशोधकांनीं कागदपत्रें तपासून सुमारें तेरा खेपा आणि सत्तर माणसें असा निर्णय दिला आहे. सत्तरांचे तीनशें करण्यास पैसा लागत नाहीं, म्हणून ते आपण खुशाल करतों. आठ डॉलरांचे वीस करण्यास पैसा लागतो, म्हणून तेथें चौकशी-समिति बसते. सत्तर माणसें म्हणजे सत्तर जीव. त्यांस फुगवट्याची गरजच नाहीं.

या गोष्टीशीं आपला संबंध काय, असें कोणी विचारील तर त्यास आम्ही १८७३ सालाकडे बोट दाखवूं. त्या सालीं जोतीराव फुल्यांनीं ‘गुलामगिरी’ हा आपला ग्रंथ प्रसिद्ध केला आणि निग्रोंस दास्यांतून मुक्त करणाऱ्या अमेरिकेंतील सज्जनांस तो अर्पण केला. ती अर्पणपत्रिका नुसती स्तुति नव्हती. आपल्या देशबांधवांनीं तो कित्ता गिरवून शूद्र बंधूंस दास्यांतून सोडवावें अशी मागणी तींत होती. पुण्याहून ही कृतज्ञता निघाली त्याच्या दुसऱ्याच वर्षीं त्या देशाच्या सीनेटनें दोन हजार डॉलर नाकारले. एका दूरच्या परक्यास जें ऋण दिसलें तें घरच्या धन्यांस दिसलें नाहीं. आणि जोतीरावांच्या देशांत तरी दुसरें काय घडतें? जन्मभर लोकांसाठीं झिजलेला कार्यकर्ता म्हातारपणीं औषधास महाग होतो, आणि जयंतीस त्याच्या तसबिरीला हार पडतो.

म्हणून आमचें मागणें साधें आहे. मुलांस टबमनबाईंची गोष्ट सांगतांना अंधारी रात्र आणि ध्रुवतारा अवश्य सांगा. पण आगगाडीचा सामानाचा डबा, आठ डॉलरांचें पेन्शन आणि शंभर डॉलर भरल्यावांचून दार न उघडणारा आश्रम, हेंहि सांगा. गुलामाची बेडी तोडणाऱ्यांचें धैर्य त्यांस कळेलच. बेडी तुटल्यावर समाजाच्या माथीं काय देणें उरतें, हेंहि त्यांस लहानपणींच कळलें पाहिजे.