भोकाची कड

घरच्या गॅरेजमध्ये विमान बांधणे हा केवळ हौसेचा खेळ, असे आम्हीही समजत होतो. सुटे भाग आयतेच येतात. मग घडवायचे ते काय उरते, हा आमचा आक्षेप. अमेरिकेतील व्हॅन्स एअरक्राफ्टच्या अनेक संचांत अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्यांना भोकेही पाडलेली असतात. तरीही पत्रे क्लेको नावाच्या स्प्रिंगच्या खिट्ट्यांनी तात्पुरते जुळवायचे, भोके ड्रिलने नेमक्या मापाची करायची, सारे पुन्हा सोडवून प्रत्येक कडेवरचे धातूचे कुसळ काढायचे आणि मगच रिव्हेट मारायचे, हा क्रम टळत नाही. कारण तडा जातो तो बहुधा अशाच दुर्लक्षित कडेपासून. २०२३ मध्ये याच कंपनीच्या लेझरने कापलेल्या काही भागांत भोकांपाशी चिरा आढळल्या; यंत्राचा हातही निर्दोष नसतो.

विमान ‘हौशी बांधणीचे’ ठरायचे तर बहुतांश काम स्वतःच्या शिक्षणासाठी वा विरंगुळ्यासाठीच केलेले असावे, असा तिथला नियम आहे. त्यातला ‘शिक्षण’ हा शब्द आम्हांस मोलाचा वाटतो. जुळलेले पुन्हा सोडवून पाहण्याचा धीर, हेच ते शिक्षण. रिव्हेट बसल्यावर ती कड कुणालाच दिसत नाही. बांधणाऱ्याला मात्र ती ठाऊक असते, आणि त्याच पंखाच्या भरवशावर त्याला उडायचे असते.