शनिवारचे फर्मान, रविवारचा कांदा

रविवारी सकाळी चहाचा दुसरा कप आणि पेपर हातात असताना आमच्याकडे फोन वाजला, तर तो बहुधा निफाड तालुक्यातल्या माझ्या मामेभावाचा असतो. एरवी तो शेतातली कामे उरकून रात्री फोन करतो. रविवारी सकाळी केला, की मी समजतो, दिल्लीहून कांद्याबद्दल काहीतरी निघाले आहे. ‘‘दादा, पेपरात नक्की काय आलंय ते वाचून दाखव,’’ असे तो म्हणतो. टीव्हीवर त्याने रात्रीच ऐकलेले असते. पण छापील अक्षरावर त्याचा अजून विश्वास आहे.

मी एकदा कॅलेंडर काढून तारखा ताडून पाहिल्या. १९ ऑगस्ट २०२३ रोजी कांद्याच्या निर्यातीवर ४० टक्के शुल्क लागले, तो शनिवार होता. २८ ऑक्टोबर २०२३ रोजी टनाला ८०० डॉलर असे किमान निर्यातमूल्य ठरले, तोही शनिवार. ४ मे २०२४ रोजी निर्यातबंदी उठली, शनिवार. उरलेले २० टक्के शुल्क काढण्याची घोषणा २२ मार्च २०२५ ची, पुन्हा शनिवार. मुद्दाम शनिवार निवडतात, असा आरोप मला करायचा नाही. ८ डिसेंबर २०२३ ची निर्यातबंदी शुक्रवारी लागू झाली होती. पण नियम कोणत्याही वारी, पूर्वसूचनेविना बदलू शकतो, ही धास्ती मात्र सातही दिवस असते.

आपल्यासारख्या घरांत ‘कस्टम्स’ म्हटले, की विमानतळावर बॅगा उघडणारे अधिकारी किंवा जुन्या हिंदी चित्रपटांतले सोन्याचे तस्कर आठवतात. ‘जकात’ म्हटले, की शहराच्या वेशीवरचा नाका आणि ट्रकची रांग. जकात गेली, मुंबईतही २०१७ च्या जुलैत जीएसटी आल्यावर ती संपली. पण देशाच्या वेशीवरचा नाका उभाच आहे, आणि तो थेट आपल्या स्वयंपाकघरात उघडतो. कांदा त्या नाक्यावरून बाहेर जातो आणि फोडणीचे तेल आत येते.

एक पीक, चार बदल

नाशिकच्या शेतकऱ्याचा उन्हाळ कांदा म्हणजे रब्बीचा कांदा. देशातले निम्म्याहून बरेच अधिक उत्पादन या हंगामाचे. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये रोप टाकायचे, डिसेंबर-जानेवारीत लागवड, मार्च-एप्रिलमध्ये काढणी. लाल आणि रांगडा कांदा टिकत नाही, लगेच विकावा लागतो. उन्हाळ कांदा टिकतो, म्हणून तो चाळीत भरून दिवाळीपर्यंत थोडा थोडा बाजारात आणायचा. म्हणजे बी टाकण्यापासून शेवटचे पोते विकेपर्यंत जवळजवळ वर्ष जाते.

आता २०२३ च्या ऑक्टोबरात रोप टाकणाऱ्या शेतकऱ्याचा हिशेब पाहा. त्याने बी टाकले आणि महिनाअखेर ८०० डॉलरचे किमान निर्यातमूल्य आले. लागवडीला मजूर लावले, तोवर ३१ मार्च २०२४ पर्यंतची निर्यातबंदी आली. कांदा काढणीला आला, तेव्हा ती बंदी पुढील आदेशापर्यंत लांबल्याचे कळले. मे महिन्यात निर्यात खुली झाली, पण ५५० डॉलरचे किमान मूल्य आणि ४० टक्के शुल्क या दोन अटींसह. म्हणजे साडेपाचशेवर दोनशेवीस चढवून टनाला किमान ७७० डॉलर. १३ सप्टेंबर २०२४ रोजी किमान मूल्य गेले आणि शुल्क निम्म्यावर, २० टक्क्यांवर आले. तोवर अनेकांच्या चाळींचा तळ दिसू लागला होता. एका पिकाच्या आयुष्यात बाहेर जाण्याची वाट चार वेळा बदलली. पावसाचा अंदाज निदान वेधशाळा देते. याचा अंदाज कोण देणार?

भार कोणावर?

निर्यातशुल्क निर्यातदार भरतो, मग शेतकऱ्याचे काय बिघडते, असा प्रश्न माझ्या शेजाऱ्यांनी विचारला होता. प्रश्न रास्त आहे. समजा, बंदरात जहाजावर चढवताना कांद्याची किंमत किलोला २५ रुपये आहे. चाळीस टक्के म्हणजे दहा रुपये शुल्क. परदेशातला गिऱ्हाईक हे दहा रुपये सहसा सोसत नाही, कारण त्याला पाकिस्तानचा किंवा चीनचा कांदा मिळतो. मग निर्यातदार ते रुपये खरेदीच्या भावातून कापतो. तो व्यापाऱ्याला कमी देतो, व्यापारी लिलावात बोली कमी लावतो, आणि ज्याला पुढे कोणाकडूनच कापता येत नाही, तो शेतकरी शेवटी उरतो. २०२३ च्या ऑगस्टमध्ये नाशिक जिल्ह्यातल्या बाजार समित्यांत लिलाव बंद पडले, ते यामुळेच. केंद्राने क्विंटलला २,४१० रुपये दराने आणखी दोन लाख टन खरेदीची घोषणा केली. मलम होते, पण जखम झाल्यानंतरचे.

निर्यातदारांची गोष्ट थोडी वेगळी. माझ्या ओळखीचे एक गृहस्थ या धंद्यात आहेत. त्या शनिवारी त्यांचा माल बंदराच्या वाटेवर होता. सौदा जुन्या हिशेबाने झालेला, पण त्याचा उपयोग नाही. सीमाशुल्क कायदा १९६२ सालचा. त्यानुसार निर्यातीच्या मालाला सौद्याच्या दिवसाचा दर लागत नाही. अधिकारी ज्या दिवशी माल चढवण्याची परवानगी देतो, त्या दिवशीचा लागतो. एक दिवस रांगेत गेला, तर नफ्याचा तोटा होतो. आणि १९७५ च्या सीमाशुल्क दर कायद्याने सरकारला निकडीच्या वेळी निर्यातशुल्क अधिसूचनेने लावण्याचा अधिकार दिला आहे. संसदेपुढे ते मागाहून जाते.

आत येणारे तेल

आता फोडणीकडे वळू. आपल्या देशाला लागणारे निम्म्याहून अधिक खाद्यतेल बाहेरून येते. पाम तेल इंडोनेशिया-मलेशियातून, सोयाबीनचे मुख्यतः अर्जेंटिना-ब्राझीलमधून, सूर्यफुलाचे रशिया-युक्रेनमधून. कांद्याचे शुल्क निम्मे झाले त्याच्या दुसऱ्याच दिवशी, १४ सप्टेंबर २०२४ पासून, कच्च्या तेलावरचे एकूण आयातशुल्क साडेपाच टक्क्यांवरून साडेसत्तावीस झाले आणि रिफाइंड तेलावरचे पावणेचौदा टक्क्यांवरून पावणेछत्तीस. सणासुदीच्या तोंडावर तेलाचा डबा महागला. घरोघरी त्रागा झाला, तो मीही केला.

पण मराठवाडा-विदर्भातल्या सोयाबीनवाल्याला विचारा. त्या वर्षी हमीभाव ४,८९२ रुपये होता आणि बाजारात सोयाबीन त्याच्या खाली विकले जात होते. स्वस्त आयात तेल आपल्या कढईला सोयीचे होते, तेच त्याच्या गळ्याशी आले होते. नंतर मे २०२५ अखेरीस कच्च्या तेलावरचे शुल्क साडेसोळा टक्क्यांवर आणले गेले. रिफाइंडचे तसेच ठेवले. दोन्हींतले अंतर वाढले, त्यामुळे तयार तेल आणण्यापेक्षा कच्चे आणून इथल्या कारखान्यांत शुद्ध करणे परवडू लागले. घर, शेत आणि कारखाना असे तीन हात एकाच दोरीला तीन दिशांनी ओढत आहेत, आणि दोरीची गाठ अधिसूचनेत आहे.

दोन्ही बाजू

ग्राहकाची बाजू खोटी आहे, असे मी म्हणणार नाही. महिन्याचा पगार मोजून घर चालवणाऱ्या बाईला कांदा ऐंशी रुपये झाला, तर आकडेवारी नको असते, कांदा हवा असतो. १९९८ साली दिल्लीतल्या विधानसभा निवडणुकीत कांद्याच्या भावाने सत्ताधाऱ्यांना काय दाखवले, हे सगळे पक्ष विसरलेले नाहीत. तसे २०२४ च्या लोकसभेत नाशिक आणि दिंडोरी या दोन्ही जागा सत्ताधारी आघाडीने गमावल्या; त्यामागे एकटा कांदाच होता असे नव्हे, पण कांदा होताच. शहरात भाव चढला तरी सरकारची अडचण, गावात पडला तरी अडचण. मग ज्याचा आवाज त्या आठवड्यात मोठा, त्याच्या बाजूने फर्मान निघते.

माझी तक्रार शुल्काशी नाही, त्याच्या अचानकपणाशी आहे. १९९१ च्या जुलैत मनमोहन सिंग यांनी आयातशुल्काची कमाल मर्यादा १५० टक्क्यांवर आणली, तेव्हापासून उद्योगांना एक आश्वासन मिळत गेले, की दर कमी होत जातील आणि धोरणाची दिशा आधी कळेल. शेतमालाच्या वाट्याला ते आश्वासन आलेच नाही. कांद्याचा भाव अमुक पातळीच्या वर गेला तर इतके शुल्क, खाली आला तर शून्य, असे कोष्टक लागवडीआधीच जाहीर करायला काय हरकत आहे? निदान आधी झालेल्या सौद्यांना तरी संरक्षण द्यावे. हे अशक्य नाही. २५ ऑगस्ट २०२३ रोजी उकड्या तांदळावर २० टक्के निर्यातशुल्क लावले, तेव्हा बंदरात पोहोचलेल्या आणि आधीच बँकेची पतपत्रे उघडलेल्या मालाला त्यातून वगळले होते. तांदळाला जमले, ते नियम म्हणून सर्वच शेतमालाला का जमू नये?

१ एप्रिल २०२५ पासून कांद्यावरचे निर्यातशुल्क शून्यावर आले. ती बातमीही मी रविवारीच मामेभावाला वाचून दाखवली होती. मला वाटले, तो खूश होईल. तो जरा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, ‘‘बरं झालं. पण दादा, हे किती दिवसांसाठी, ते लिहिलंय का कुठं?’’

मी बातमी पुन्हा वाचली. ते कुठे लिहिलेले नव्हते.